जमिनीखालचे राजवाडे

टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य रेल्वे गेटावर थांबण्यात जाते, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. दुसऱ्या गेटाची दांडी खाली आली की स्कूटर बंद करायची, शेजारच्या रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलायचे आणि गाडी जाण्याची वाट पाहायची. रेल्वे म्हटली की ती अशी डोळ्यांसमोरून, रस्ता अडवून जाणारी. त्यामुळे आम्ही मॉस्कोला जाऊन तिथली भुयारी रेल्वे पाहणार आहोत, हे ऐकल्यावर सासूबाईंनी पोळी लाटता लाटता विचारले, "नेलद बुडक रैल ओडतावेनु?" जमिनीच्या खालून रेल्वे पळते का, हा त्यांचा प्रश्न. चिरंजीव म्हणाले, "अज्जी, पळते तर खरीच, पण तिथं खाली झुंबरंसुद्धा आहेत." सासूबाईंचा विश्वास बसला नाही. झुंबरे राजवाड्यात असतात, स्टेशनात नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

२०२५ च्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो ते खरे तर पर्यटनासाठी नव्हे. माझ्या नणंदेची मुलगी रशियात वैद्यकीय शिक्षण घेते. माझे माहेर गडहिंग्लजचे, घरात मराठी. सासर हुबळीकडचे, घरात कन्नड. भाची मला मामी म्हणते आणि यांना मामा. हे दोन शब्द दोन्ही भाषांत सारखेच असल्यामुळे लग्न झाल्यावर मला हेच दोन आधी जमले होते.

या मुलीची हकिकत आधी सांगायला हवी. ती मूळची शिकायला गेली होती युक्रेनमध्ये, खारकीव्ह शहरात. दुसऱ्या वर्षाला असताना, २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुढचे सहा दिवस ती आणि तिच्या मैत्रिणी खारकीव्हच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात राहिल्या. १ मार्चला हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी त्याच शहरात मारला गेला. तो दिवस नणंदेच्या घरी कसा गेला, हे लिहून सांगता येणार नाही. मुलगी सुखरूप परत आली, पण दोन वर्षांचे शिक्षण अर्धवट आणि बँकेचे कर्ज मात्र पूर्ण. त्या सप्टेंबरात युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत शिक्षण पुरे करण्याची मोकळीक आपल्याकडून मिळाली, आणि चौकशी करता करता जागा मिळाली ती नेमकी रशियात. ज्यांच्या तोफांखालून पळून आली, त्यांच्याच देशात पोरीला कसे पाठवायचे? घरात आठ दिवस कोणी नीट जेवले नाही. शेवटी तीच म्हणाली, "मी जाते. डॉक्टर होऊन येते."

ती आता शेवटच्या वर्षाला आहे. तिला भेटावे, एकदा तिचे राहणे डोळ्यांनी पाहावे, म्हणून हा प्रवास. सोबत कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी आणि बेळगावचा कुंदा. ती आम्हाला भेटायला मॉस्कोत आली आणि चार दिवस तिनेच शहर दाखवले.

खाली जाताना

मॉस्कोत सप्टेंबरअखेरीस आपल्याकडच्या डिसेंबरपेक्षाही जास्त थंडी असते. पहिल्या सकाळी वाऱ्याने कुडकुडत आम्ही लाल रंगाच्या 'म' अक्षराखाली उभे राहिलो. रशियन लिपीतला 'म' इंग्रजीतल्यासारखाच दिसतो, एवढाच काय तो दिलासा. बाकी अक्षरे फसवी. इंग्रजी पी दिसला तर तो 'र' वाचायचा, सी दिसला तर 'स', एच दिसला तर 'न'. चिरंजीवांनी एका पाटीवर मोठ्याने 'पेक्टोपाह' वाचले. भाची पोट धरून हसली. ते 'रेस्तोरान' होते, म्हणजे आपले हॉटेल! मला माझे लग्नानंतरचे दिवस आठवले. बसच्या पाट्या लावून लावून मी कन्नड शिकत होते, आणि हे शेजारी उभे राहून असेच हसत होते.

सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवले आणि खाली पाहिले, तर शेवट दिसेना. उजव्या बाजूला उभे राहायचे आणि घाई असलेल्यांना डावी बाजू मोकळी ठेवायची, हा तिथला नियम. कोणी ढकलत नाही, कोणी ओरडत नाही. माणसे पुस्तक किंवा मोबाईल वाचत खाली जातात. पार्क पाबेदी नावाचे स्टेशन तर जमिनीखाली सुमारे ८४ मीटर आहे आणि त्याचा एक सरकता जिना १२६ मीटर लांबीचा. उतरायलाच तीन मिनिटे लागतात.

गाडी आली. दारे मिटण्याआधी डब्यात आवाज घुमला. भाचीने अर्थ सांगितला, "सावध राहा, दारं बंद होत आहेत." त्या वाक्यातला 'द्वेरी' हा शब्द ऐकून मी चमकले. द्वेरी म्हणजे द्वार! मग चिरंजीवांना नादच लागला. दोनला 'द्वा', तीनला 'त्री', भावाला 'ब्रात', आकाशाला 'नेबो', म्हणजे आपले नभ. हे म्हणाले, "मग आमच्या कन्नडाचं काय? आमचं बागिलु कुठं गेलं?" मी म्हटले, "ते बेळगावातच राहिलं, घर सांभाळायला."

आणखी एक गंमत. गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर सूचना पुरुषाच्या आवाजात आणि बाहेर जात असेल तर बाईच्या आवाजात, अशी जुनी पद्धत आहे. वर्तुळाकार मार्गावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाताना पुरुषाचा आवाज, उलट जाताना बाईचा. डोळ्यांनी न दिसणाऱ्या प्रवाशालाही आपण कुठल्या दिशेने चाललो ते कळते.

संगमरवर आणि झुंबरे

ही रेल्वे सुरू झाली १५ मे १९३५ रोजी. तेव्हा १३ स्टेशने होती आणि सुमारे ११ किलोमीटरचा मार्ग. आता अडीचशेहून अधिक स्टेशने आहेत, आणि २०२३ मध्ये पूर्ण झालेले मोठे वर्तुळ एकटेच सुमारे ७० किलोमीटरचे आहे. पण पाहण्यासारखी आहेत ती जुनी स्टेशने. राजे गेले, आता राजवाडा कामगारांचा, ही त्यामागची कल्पना. कारखान्यात जाणाऱ्या माणसाने रोज सकाळी संगमरवरी खांबांमधून, झुंबरांच्या उजेडातून चालत जावे आणि त्याला वाटावे की हे राज्य आपले आहे.

कल्पना मोठी होती, यात शंका नाही. पण इतिहास शिकवणाऱ्या बाईला दुसरी बाजूही दिसते. या बोगद्यांचे काम जोरात सुरू होते त्याच १९३२-३३ सालात युक्रेन आणि सोव्हिएत संघाच्या इतर काही भागांत सरकारी धान्यवसुलीमुळे भयानक दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपाशी मेली. संगमरवराकडे पाहताना मी हे चिरंजीवांना सांगितले. तो म्हणाला, "आई, सुट्टीतसुद्धा शिकवतेस?" मी गप्प बसले, पण विसरता आले नाही.

कोम्सोमोल्स्काया हे स्टेशन १९५२ चे. तीन मोठ्या रेल्वे स्थानकांतून उतरलेली माणसे इथे येतात. पिवळे उंच छत, त्यावर पांढरे नक्षीकाम, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मध्ये एकामागून एक झुंबरे. मला तर आधी म्हैसूरचा राजवाडाच आठवला. फरक एवढाच की तिथे तिकीट काढून, चपला बाहेर ठेवून आत जायचे आणि इथे हातात कांद्याची पिशवी घेतलेली आजी धावत गाडी पकडते आहे. छतात रशियन सेनानींची सोनेरी मोझॅक चित्रे आहेत. रंगीत काचांचे आणि दगडांचे लहान लहान तुकडे जोडून ती घडवली आहेत.

त्याच वर्तुळ मार्गावर पुढे नोवोस्लोबोद्स्काया. इथे रंगीत काचांची ३२ चित्रे आहेत, आतून दिव्यांनी उजळलेली. चर्चच्या खिडक्यांत असतात तशी. लॅटव्हियातल्या रीगा शहरात ती बनवून आणली गेली. गोव्याच्या बाजूला फिरलेल्या आपल्या वाचकांना अशा काचा ओळखीच्या असतील. देवळाबाहेर, जमिनीखाली, रेल्वेची वाट पाहताना त्या पाहायच्या ही गोष्ट वेगळी.

'क्रांती चौक' या अर्थाच्या नावाचे, प्लोश्चाद रेवोल्युत्सी हे १९३८ चे स्टेशन मुलांना आवडेल असे. कमानींच्या कोपऱ्यांत सैनिक, शेतकरीण, विद्यार्थिनी, खेळाडू असे ७६ ब्राँझचे पुतळे बसवलेले. सीमा राखणाऱ्या जवानाजवळ एक कुत्रा आहे आणि त्याचे नाक सोन्यासारखे चकाकते. परीक्षेला जाणारी मुले जाता जाता त्या नाकाला हात लावतात, पास होण्यासाठी. भाचीनेही लावला. "तिसऱ्या वर्षाला आले होते तेव्हा लावला होता, पास झाले," ती म्हणाली. आमच्याकडे परीक्षेच्या सकाळी मुले मिलिटरी महादेवाला जातात, त्यातलाच हा प्रकार.

मायाकोव्स्काया मात्र मला सर्वांत आवडले. बाकी ठिकाणी डोळे दिपतात, इथे निवतात. पोलादाच्या चकचकीत पट्ट्यांचे सडपातळ खांब, आणि छतात अंडाकृती खोलगट जागांमध्ये आकाशाची चित्रे. मान वर करून पाहिले की वाटते, जमीन फाडून वरचे आभाळच दिसते आहे. विमाने, छत्रीधारी सैनिक, फुललेल्या फांद्या, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे आकाश. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने मॉस्कोवर बॉम्ब टाकत होती तेव्हा लोक याच स्टेशनांत झोपायला येत. ६ नोव्हेंबर १९४१ रोजी स्टालिनने मोठी सभा घेतली तीही याच स्टेशनात, कारण शहरात दुसरी सुरक्षित जागा नव्हती.

मी हे सांगत होते, चिरंजीव ऐकत होता. "म्हणजे लोक इथं फरशीवर झोपायचे?" त्याने विचारले. उत्तर द्यायला मी भाचीकडे वळले तर ती पुढे निघून गेली होती.

पुसलेले चेहरे, बदललेली नावे

फिरताना एक गोष्ट लक्षात येत गेली. या भिंती बोलतात, पण राज्यकर्ते बदलले की वेगळे बोलू लागतात. ही रेल्वे सुरुवातीची वीस वर्षे कागानोविच या स्टालिनच्या जवळच्या मंत्र्याच्या नावाने होती. १९५५ मध्ये लेनिनचे नाव दिले गेले आणि कागानोविचच्या वाट्याला फक्त एक स्टेशन राहिले. ते अखोत्नी र्याद. दोनच वर्षांत तेही नाव गेले. १९६१ मध्ये त्याच स्टेशनाला कार्ल मार्क्सच्या नावाचा रस्ता म्हणू लागले आणि १९९० मध्ये पुन्हा अखोत्नी र्याद. स्टेशन जागचे हलले नाही, पाट्या मात्र चार वेळा बदलल्या.

आपल्या वाचकांना याचे नवल वाटायचे कारण नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या गावाचे नाव कागदोपत्री बेळगावी झाले. माझ्या आईच्या पत्रावर बेळगाव, सासूबाईंच्या तोंडी बेळगावी आणि माझ्या पदवीच्या कागदावर इंग्रजांचे बेलगाम. पोस्टमन तिन्ही पत्रे एकाच दारात टाकतो.

स्टालिनचेही तसेच. त्याच्या काळात स्टेशनास्टेशनांत त्याची चित्रे होती. त्याच्या मृत्यूनंतर, विशेषतः १९६० नंतर, ती काढली गेली. कोम्सोमोल्स्कायाच्या छतातली चित्रेही बदलली. पण तगान्स्काया स्टेशनात आम्ही गेलो तर तो पुन्हा हजर! १९६६ मध्ये काढून टाकलेले त्याचे भिंतीवरचे शिल्प २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा घडवून बसवले आहे. खाली कोणी फुले ठेवली होती. एक वयस्क बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. गाडीची वाट पाहत असतील, किंवा आणखी काही मनात असेल. मी विचारायला गेले नाही.

तगान्स्कायाला आम्ही उतरलो ते मात्र दुसऱ्याच माणसासाठी. तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर परदेशी साहित्याचे मोठे सरकारी ग्रंथालय आहे आणि तिथे २०२२ च्या सप्टेंबरात अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा बसवला गेला. वाटेगावचा हा माणूस, पायी चालत मुंबईला गेलेला, शाळा जवळजवळ न शिकलेला. १९६१ मध्ये तो रशियाला आला आणि परत जाऊन त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. माझ्या वडिलांच्या कपाटात ते पुस्तक होते, सोव्हिएत देशातून येणाऱ्या स्वस्त, जाड कागदांच्या मराठी पुस्तकांच्या शेजारी. बेळगाव, कारवार, निपाणीचे दुःख ज्या छक्कडीत आहे ती 'माझी मैना' त्यांचीच. माझे वडील ती गुणगुणत, आणि पुढे त्यांनीच आपली लेक कन्नड घरात दिली. लग्न ठरवताना कुणी टोमणा मारला, तेव्हा ते म्हणाले, "गाणं खरं आहे आणि मुलगाही चांगला आहे." मॉस्कोत अण्णा भाऊंना नमस्कार करताना मला ते आठवले. शेजारी यांनीही हात जोडले होते.

कीएव्स्काया

शेवटच्या दिवशी आम्ही कीएव्स्कायाला गेलो. कीएव्ह म्हणजे युक्रेनची राजधानी, आपण कीव्ह म्हणतो ते. वर कीएव्ह रेल्वे स्थानक आहे. नाव अजून तेच, पण कीव्हला जाणारी गाडी आता तिथून सुटत नाही. हे स्टेशन यादीत घालावे की नाही, याचा मी विचार करत होते. भाचीच म्हणाली, "मामी, पाहायला हवं. सगळ्यात सुंदर तेच आहे."

खरेच सुंदर आहे. वर्तुळ मार्गावरचे हे स्टेशन १४ मार्च १९५४ रोजी सुरू झाले. १६५४ साली युक्रेनच्या कोसॅक सरदारांनी रशियाच्या झारशी जो करार केला, त्याला तीनशे वर्षे झाल्याचा मोठा सोहळा त्या वर्षी होता. स्टेशनही त्यासाठीच सजवलेले. पांढऱ्या संगमरवराच्या रुंद कमानी, त्यांच्या कडेला सोनेरी नक्षी, आणि दोन्ही बाजूंना मिळून १८ मोझॅक चित्रे. विषय एकच, रशियन आणि युक्रेनियन जनतेची मैत्री. एका चित्रात तो १६५४ चा करार, एकात कवी पुश्किन युक्रेनमध्ये, एकात दोन्हीकडचे शेतकरी हातात हात घेऊन, एकात कीव्हमधला लोकोत्सव. भरतकाम केलेल्या सदऱ्यातले तरुण, डोक्यावर फुलांचे मुकुट घातलेल्या मुली, गव्हाच्या लोंब्या. शेवटच्या भिंतीवर लेनिन.

चिरंजीव चित्रे पाहत पाहत टोकापर्यंत गेला आणि परत आला. "आई, एवढी मैत्री होती तर मग आता लढाई कशाला?"

पंचवीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे देत आले आहे. त्या दिवशी मला एक वाक्य जुळेना. शेवटी हे म्हणाले, "चित्रं कुणी काढवून घेतली ते बघ. मॉस्कोनं. धाकट्या भावाला विचारून नाही काढली." मी म्हटले, चित्रकारांत आणि वास्तुकारांत युक्रेनचे लोकही होते, स्पर्धा घेऊन त्यांना काम दिले होते. "असतील," हे म्हणाले, "पण विषय कुणी दिला?" आमच्या घरात असा वाद नवा नाही. फक्त नेहमी तो शहाजीराजांच्या आणि चालुक्यांच्या वेळचा असतो.

भाची बाकावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. गाडी आली, गेली. बराच वेळाने ती बोलू लागली. कन्नडमध्ये, हळू.

"मामी, खारकीव्हच्या स्टेशनातही असाच वास यायचा. रुळांचा, तेलाचा. गाड्या बंद होत्या, तरी वास तोच. आम्ही फलाटावर पुठ्ठा पसरून झोपायचो. वर धडधड झाली की छताकडं बघायचो. शेजारी एक आजी होत्या, आपल्या अज्जीएवढ्या. त्यांच्याकडं थर्मास होता. त्या आम्हाला रोज अर्धा अर्धा कप चहा द्यायच्या. दुसऱ्या दिवशी माझे पाय गारठलेले बघून त्यांनी स्वतःचे लोकरीचे मोजे काढून दिले. नको म्हटलं तर रागावल्या. आणि मामी, त्या रागावल्या ते रशियन भाषेत. घरी त्या रशियनच बोलायच्या. खारकीव्हमध्ये किती तरी घरांत रशियनच बोलतात, युक्रेनियनही येतं. सीमा जवळ आहे ना, चाळीसेक किलोमीटर. आपल्या बेळगावसारखंच आहे ते. वरून जे बॉम्ब टाकत होते, त्यांची आणि आजींची भाषा एकच होती."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "इथं आले तेव्हा पहिले सहा महिने मला रशियन ऐकलं की भीती वाटायची. मग एके दिवशी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या बाईंनी सर्दी झाली म्हणून चहा करून दिला. त्या बोलल्या त्याच शब्दांत, जसं आजी बोलायच्या. तेव्हापासून मी शब्द ऐकते, कोण बोलतंय ते बघते." तिने पाय जरा पुढे घेतले. बुटांच्या वर करड्या लोकरीचे मोजे दिसत होते, टाचेला दुसऱ्या रंगाने रफू केलेले.

आजींचे पुढे काय झाले, तिला ठाऊक नाही. नावही नीट विचारले नव्हते.

कीएव्स्कायाचा एकही फोटो मी काढला नाही. चिरंजीवाने काढले आहेत, ज्यांना पाहायचे असतील त्यांना दाखवीन.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. भारतीयांना २०२३ पासून इंटरनेटवरून व्हिसा मिळतो. आपली बँकेची कार्डे तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्यावे आणि तिथे रुबल करून घ्यावेत. स्टेशनात 'त्रोयका' नावाचे कार्ड घ्यावे. एकदा आत शिरलात की बाहेर पडेपर्यंत एकाच भाड्यात हवी तेवढी स्टेशने पाहता येतात. तपकिरी रंगाचा वर्तुळ मार्ग धरलात तर बारा स्टेशने आणि अर्ध्या तासात पूर्ण फेरी. उतरत, पाहत गेलात तर सबंध दिवस पुरतो. सकाळची आणि संध्याकाळची कामाची वेळ टाळावी. आणि जायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. युद्ध चालू असलेल्या देशात सहलीला जाणे मनाला सोपे नाही. आमचे माणूस तिथे होते म्हणून आम्ही गेलो.

पुन्हा गेट

परत आलो त्या आठवड्यात गडहिंग्लजला आईकडे जाऊन आले. संकेश्वरच्या पुढे बस सीमा ओलांडते तिथे पूर्वी माझे लक्षही जात नसे. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या होत्या. त्यातल्या एका खेपेला आईला ताप होता आणि मी इकडे हातात फोन घेऊन बसून होते. शेवटी आमच्या शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकांनी आपल्या गाडीने संकेश्वरपर्यंत सोडले आणि पुढे भाऊ दुचाकीवर न्यायला आला. त्या दिवशी पाट्यांवर काय लिहिले आहे ते आम्ही कोणीच वाचले नाही. बेळगावचे भांडण खारकीव्हएवढे मोठे नाही, देव करो आणि कधी तसे न होवो. पण आजींचे मोजे पाहिल्यापासून त्या काकांची गाडी मला वारंवार आठवते.

परवा सासूबाईंना डॉक्टरांकडे नेत होते. दुसऱ्या गेटाची दांडी खाली आली. रिक्षात पुढे चिरंजीव बसलेला. त्याने लगेच मॉस्कोच्या गाडीतले ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले, घुमणाऱ्या आवाजात. रिक्षावाला मागे वळून पाहू लागला.

"एनंतान?" सासूबाईंनी मला विचारले. काय म्हणतोय हा?

मी सांगितले, रशियात जमिनीखालच्या रेल्वेत असे सांगतात, दारे बंद होत आहेत, जपा.

"बागला हाकतारंत?" त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, पोरगी कुठल्या मोज्यांची गोष्ट सांगत होती ती, मला पुन्हा एकदा सांग. गाडी लांबलचक मालगाडी होती. मी सुरुवातीपासून सांगायला लागले.